भाड्याने आणलेला बेस

लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारतात. "दादा, तुमच्या गिटारच्या दोन तारा तुटल्यात का?" मला तरी आत्तापर्यंत पंचवीस-तीस वेळा विचारून झालाय. आधी मी नीट समजावून सांगायचो की ही बेस गिटार आहे, हिला चारच तारा असतात, ही खालचे सूर वाजवते वगैरे, आणि समोरचा माणूस तोपर्यंत गुलाबजामच्या काउंटरकडे बघायला लागलेला असायचा. आता सरळ सांगतो, हो ना, तुटल्यात, नवीन सोमवारी येतायत. तो पण खूश, मी पण खूश.

मी आठवडाभर एका कंपनीत जीएसटीची रिटर्न्स भरतो आणि शनिवार-रविवार बेस वाजवतो. सीझन असला की महिन्यातले आठही दिवस. हे सांगायचं कारण एवढंच की मी काही संगीताचा अभ्यासक वगैरे नाही, पुढे जे लिहितोय ते एका साध्या वाजवणाऱ्याने दुसऱ्या, खूप मोठ्या वाजवणाऱ्याबद्दल लिहिलेलं आहे असं समजून वाचा.

२०२५ च्या जूनमध्ये स्लाय स्टोन गेला, अमेरिकेतला फंकचा, म्हणजे बेस-ड्रमच्या ठेक्यावर नाचवणाऱ्या संगीताचा, मोठा गायक. ८२ वर्षांचा होता. त्या दोन-तीन दिवसांत माझ्या फोनवर नुसते स्लायचे जुने व्हिडिओ येत होते, आणि प्रत्येक व्हिडिओत माझं लक्ष मात्र स्लायकडे नाही तर बाजूला उभ्या असलेल्या त्या उंच माणसाकडे जात होतं. लॅरी ग्रॅहम. आज जगात जो कोणी बेसच्या तारेवर अंगठा आपटून तो 'ठण्ण' असा आवाज काढतो तो या माणसाचं देणं लागतो. मी पण लागतो. आमच्या सरांनी मला पहिल्यांदा हे अंगठा आपटणं, म्हणजे स्लॅप, शिकवलं तेव्हा तिसऱ्या दिवशी अंगठ्याच्या सांध्याशेजारी हा एवढा फोड आला, तो फुटला, त्यावर परत वाजवलं, परत आला. सर मूळचे म्हापशाचे, पुण्यात कॅम्पात राहायचे, त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "बरंय, आता लॅरीचं नाव विचार कोण तो." तेव्हा कळलं.

तर गोष्ट अशी. लॅरी जन्मला १९४६ साली, टेक्सासमधल्या ब्यूमाँट गावात, पण वाढला कॅलिफोर्नियात, ऑकलंडला. आई डेल ग्रॅहम, पियानो वाजवायची आणि गायची, क्लबात प्रोग्रॅम करायची. पोरगा पंधरा वर्षांचा झाला तसा आईने त्याला आपल्या ग्रुपमध्ये घेतला, गिटारवर. आई, लॅरी आणि एक ड्रमर. आता एका क्लबात ऑर्गन होता, आणि ऑर्गनला खाली पायाने वाजवायच्या पट्ट्या असतात, खर्जातल्या सुरांसाठी. लॅरी हाताने गिटार वाजवता वाजवता पायाने त्या पट्ट्या दाबायला लागला. झालं, आई-लेकाला त्या खालच्या आवाजाची सवय लागली. आणि मग एके दिवशी ऑर्गन बिघडला.

खालचा आवाज गेल्यावर सगळं कसं पोकळ वाटायला लागलं. म्हणून लॅरीने दुकानातून एक बेस गिटार आणली, सेंट जॉर्ज कंपनीची. विकत नाही, भाड्याने! ऑर्गन दुरुस्त होईपर्यंत. त्याच्या डोक्यात आपण गिटारिस्टच होतो. ऑर्गन काही दुरुस्त झाला नाही.

एवढ्यावर पण भागलं नाही. काही दिवसांनी आईने ठरवलं की ड्रमर नको, आपण दोघंच करू. (कारण काय असेल ते असो, पण ज्याने कधी ऑर्केस्ट्राचा हिशोब केलाय त्याला हे कळेल, पाकिटं तीनवरून दोनवर आली की बरं पडतं.) आता ताल कोण देणार? तर लॅरीने काय केलं, ड्रमचा जो पायाने वाजणारा 'धप्प' असतो त्याच्या जागी अंगठ्याने तार ठोकायला सुरुवात केली, आणि स्नेअरचा जो 'चट्ट' असतो त्याच्या जागी बोटाने तार ओढून सोडायला लागला. ठोक, ओढ. ठोक, ओढ. बेसची नोट पण वाजतेय आणि ड्रम नसलेला ड्रम पण वाजतोय. त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि बाकी बेसवाले हे बघून काय म्हणतील याची फिकीर पण नव्हती, कारण तो स्वतःला बेसवाला समजतच नव्हता ना.

मला हे वाचल्यावर पहिल्यांदा तुणतुणं आठवलं. तमाशात, गोंधळात बघा, तुणतुणं हे तारेचं वाद्य, पण त्याच्याकडून सुरापेक्षा जास्त काम तालाचं करून घेतात. किंवा यल्लम्माचं चौंडकं. तार आणि ताल एकाच हातात. गरिबीत वाद्यं कमी पडली की माणसं हे करतातच, सगळीकडे करतात.

आमच्या घरी मात्र तुणतुणं नव्हतं, पखवाज होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर, माळकरी, आणि आमच्या वाईजवळच्या गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. एकादशीच्या संध्याकाळी माझं काम ठरलेलं, आईकडून कणीक आणायची. आई चपात्यांना मळलेल्या कणकेतून लिंबाएवढा गोळा काढून द्यायची, आणि एवढा उशीर का रे लावलास म्हणून वर मलाच ओरडायची. अण्णा तो गोळा पाण्याचा हात लावून अजून सैल करायचे आणि पखवाजाच्या डाव्या तोंडाला, धुमेला, मधोमध थापायचे. थाप मारून ऐकायचे. मग नखाने चिमूटभर काढायचे, परत थाप. परत चिमूटभर लावायचे. हे दहा-दहा मिनिटं चालायचं आणि मला काहीच फरक कळायचा नाही, आणि मग अचानक एका थापेला तो आवाज जमिनीतून आल्यासारखा यायचा, पोटात कळायचा. "शिळी कणीक आवाज खाते," म्हणायचे. भजन झालं की कणीक खरवडून काढायची, सकाळी गाईला. दर वेळी नवी.

मला खालचा आवाज आवडतो तो तिथून. अण्णांना मात्र मी पखवाज सोडून हे इलेक्ट्रिक लाकूड गळ्यात घातलं याचं बरीच वर्षं वाईट वाटत होतं. बोलायचे नाहीत, पण 'तुझं ते' असा उल्लेख करायचे. "तुझं ते आणलंस का बरोबर?"

असो. लॅरीकडे येतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या केएसओएल रेडिओवर तेव्हा सिल्व्हेस्टर स्ट्युअर्ट नावाचा एक डीजे होता, तोच पुढचा स्लाय स्टोन. आई-लेकाच्या प्रोग्रॅमला नेहमी येणारी एक बाई होती, लॅरी स्वतः हे सांगतो, ती त्या रेडिओवर फोन करकरून स्लायच्या मागे लागली की एकदा येऊन या पोराचा बेस ऐक. शेवटी तो आला, ऐकला, आणि त्याला आपल्या नव्या बँडमध्ये घेऊन गेला. त्या बाईचं नाव कुठे वाचल्याचं मला आठवत नाही. बिघडलेल्या ऑर्गनइतकंच श्रेय तिला पण द्यायला पाहिजे.

बँडचं नाव स्लाय अँड द फॅमिली स्टोन. काळे, गोरे, पुरुष, बायका सगळे एका स्टेजवर, आणि बायका नुसत्या मागे उभं राहून डोलायला नाहीत, सिंथिया रॉबिन्सन ट्रंपेट वाजवायची, स्लायची बहीण रोझ कीबोर्ड वाजवायची. आज यात काय विशेष असं वाटेल. पण त्यांचा पहिला अल्बम आला १९६७ मध्ये, आणि काळ्या-गोऱ्यांच्या लग्नावर बंदी घालणारे कायदे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने रद्द केले ते पण १९६७ मध्येच. म्हणजे तोवर निम्म्या बँडने उरलेल्या निम्म्या बँडशी लग्न केलं असतं तर काही राज्यांत गुन्हा झाला असता.

त्यांचं एक गाणं आहे, 'एव्हरीडे पीपल', १९६८ च्या शेवटी आलं आणि १९६९ मध्ये अमेरिकेत एक नंबरला गेलं. एकदा ऐका, पण फक्त बेस ऐका. पूर्ण गाण्यात लॅरी एकच सूर वाजवतो. एकच! पाश्चात्त्यांचा जी, म्हणजे आपल्या पेटीची पांढरी पाच. वर कॉर्ड बदलतायत, गाणारे बदलतायत, माणसं एकमेकांत भांडायचं थांबवा असं काहीतरी वरचे सांगतायत, आणि खाली हा पठ्ठ्या तंबोऱ्यासारखा षड्ज धरून उभा. जो माणूस बेसवर सगळ्यात जास्त करामती करू शकतो तोच काहीच करत नाही. मी हे गाणं आमच्या ऑर्केस्ट्रातल्या नवीन मुलांना ऐकवतो तेव्हा ती म्हणतात "यात काय आहे सर?" मग मी म्हणतो अडीच मिनिटं वाजवून दाखव. बहुतेक जण चाळीस सेकंदांत काहीतरी मधेच घुसवतात. बोटांना राहवत नाही.

आणि मग १९६९ च्या शेवटी आलेलं 'थँक यू', त्यात अंगठा सुटला. गाण्याचं पूर्ण नाव मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगमध्ये लिहिलंय, ते देवनागरीत लिहिण्यात मजा नाही. ते पण एक नंबर झालं आणि जगभरच्या बेसवाल्यांनी आपापले अंगठे फोडून घेतले. पुढे लुई जॉन्सन, मार्कस मिलर, फ्ली, सगळे त्या अंगठ्याच्या मागून आले. लॅरी त्याला थंपिंग-प्लकिंग म्हणतो. स्लॅप हे नाव लोकांनी दिलं.

वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात, ऑगस्ट १९६९ मध्ये, यांचा नंबर लागला पहाटे साडेतीनला. चिखलात झोपलेली लाखो पोरं. आपल्याकडे त्या वेळेला देवळात काकड आरतीची तयारी चालू असते. त्या झोपलेल्यांना उठवून नाचवलं यांनी, व्हिडिओ आहेत.

तर हे सगळं शिखर. आणि शिखरावरच सडायला सुरुवात झाली होती. कोकेन आलं, अजून काय काय आलं, स्लायच्या भोवती गुंडांचा गराडा आला, स्लाय प्रोग्रॅमला उशिरा यायला लागला, मग यायचाच बंद झाला. १९७० मध्ये ८० पैकी २६ प्रोग्रॅम बुडवले त्याने. विचार करा, मंडप भरलाय, लोक ओरडतायत, आणि मुख्य गायक नाही. आमच्या एका प्रोग्रॅमला एकदा फक्त कीबोर्डवाला पाऊण तास उशिरा आला होता तर मुलीच्या मामांनी आमच्या मॅनेजरची कॉलर धरली होती. १९७१ चा जो अल्बम आला त्यात बराचसा बेस स्लायने स्वतःच वाजवला, आणि ड्रमच्या जागी बऱ्याच गाण्यांत मशीन. अल्बम जबरदस्त आहे, अंधारी आहे, पण त्यातून 'फॅमिली' गेलीय हे ऐकताना कळतं.

१९७२ च्या शेवटी एका प्रोग्रॅमनंतर दोघांच्या माणसांमध्ये मारामारी झाली. लॅरीने स्लायची सुपारी दिलीय अशी अफवा कुणीतरी पसरवली होती. लॅरी आणि त्याची बायको हॉटेलच्या खिडकीतून बाहेर पडून पळाले, बँडमधल्याच एकाने त्यांना गाडीत घालून सुखरूप पोचवलं. हे सगळं पुस्तकांतून आणि मुलाखतींतून आलेलं आहे, ज्याची त्याची बाजू वेगळी. पण लॅरी परत गेला नाही एवढं नक्की.

इथून पुढची गोष्ट दोन प्रकारे जाऊ शकली असती असं मला नेहमी वाटतं. एक म्हणजे स्लायसारखी. अतोनात टॅलेंट, आणि मग चाळीस वर्षं आज परत येणार, उद्या परत येणार, आणि २०११ मध्ये पेपरात बातमी की स्लाय लॉस एंजेलिसमध्ये एका व्हॅनमध्ये राहतोय. दुसरी म्हणजे सोडून देण्याची. ती पण तिकडे मोठी परंपरा आहे. लिटल रिचर्डने १९५७ मध्ये ऐन भरात, ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर, रॉक अँड रोल सैतानाचं आहे म्हणून सोडलं. (नंतर परत आला. मग परत सोडलं. परत आला.) अल ग्रीनने १९७६ मध्ये मेंफिसमध्ये स्वतःचं चर्चच काढलं आणि पुढे काही वर्षं नुसती देवाचीच गाणी गायली. लोकांना पण अशा गोष्टी आवडतात, वाल्याचा वाल्मीकी झाला पाहिजे आणि मधे एक झटका पाहिजे.

लॅरीच्या बाबतीत मला तसा झटका सापडत नाही. १९७३ मध्ये त्याने स्वतःचा बँड काढला, ग्रॅहम सेंट्रल स्टेशन, न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवरून केलेली कोटी. १९७५ मध्ये त्यांचं 'युअर लव्ह' काळ्या श्रोत्यांच्या आर अँड बी यादीत एक नंबरला गेलं. आणि त्याच १९७५ मध्ये, त्याच ऑकलंडमध्ये, त्याने बाप्तिस्मा घेतला आणि तो यहोवाचा साक्षीदार झाला. हिट गाणं पण चालू, बायबलचा अभ्यास पण चालू, दौरे पण चालू.

यहोवाचे साक्षीदार आपल्याकडे पण आहेत. रेल्वे स्टेशनबाहेर एक छोटी ट्रॉली लावून शांतपणे उभी असलेली नीटनेटकी माणसं बघितली असतील, ट्रॉलीवर 'टेहळणी बुरूज' नावाचं मासिक असतं, मराठीत. वाढदिवस करत नाहीत, ख्रिसमस पण करत नाहीत, मतदान नाही, सैन्यात जाणं नाही, रक्त घेत नाहीत. राष्ट्रगीताला उभे राहतात पण गात नाहीत. केरळमध्ये १९८५ मध्ये यावरून तीन मुलांना शाळेतून काढलं होतं, तो खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि १९८६ मध्ये कोर्टाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. आमच्या एका वकील मित्राला हा खटला तोंडपाठ आहे, बिजो इमॅन्युएल म्हटलं की सुरू होतो.

एका रविवारी सकाळी आमच्या सोसायटीत पण दोघे आले होते, एक वयस्कर गृहस्थ आणि एक तरुण मुलगा. शुद्ध, छान मराठी बोलत होते. मी आदल्या रात्रीच्या प्रोग्रॅमवरून तीनला झोपलेलो, दार अर्धं उघडून "नको, आम्हाला नको" म्हटलं आणि लावून घेतलं. दार लावतानाचं त्या मुलाचं तोंड लक्षात राहिलंय. तेव्हा आत लॅरीचा बेस वाजत होता असं लिहायला फार मजा आली असती, पण खोटं होईल. आत मिक्सर चालू होता.

मला स्पष्ट सांगायचंय की हा पंथ मला झेपणारा नाही. रक्त न घेण्याची गोष्ट मला पटत नाही, सोडून जाणाऱ्याशी घरच्यांनी सुद्धा बोलणं तोडायचं ही गोष्ट तर अजिबात नाही. आणि त्यात १९७५ ची गंमत अशी की त्याच वर्षी जगाचा शेवट येणार अशी अपेक्षा या पंथातल्या बऱ्याच लोकांनी धरली होती. कुणी घरं विकली, कुणी नोकऱ्या सोडल्या. जग काही संपलं नाही, आणि मग पुढच्या वर्षांत कितीतरी जण निराश होऊन बाहेर पडले. म्हणजे लॅरी ज्या गाडीत चढला तिच्यातून लोक उतरायला लागले होते. हा बसून राहिला. आज पन्नास वर्षं झाली, हा अजून तिथेच आहे. पांढरी पाच.

१९८० मध्ये लॅरीने 'वन इन अ मिलियन यू' नावाचं एक गोड प्रेमगीत गायलं. बेसचा कसलाही पराक्रम नाही, नुसता तो खर्जातला आवाज, आणि ते आर अँड बीत एक नंबरला आणि पॉपच्या यादीत नऊ नंबरला गेलं. ज्याने फंकला अंगठा दिला त्याचं स्वतःच्या नावावरचं सगळ्यात मोठं गाणं लग्नात संथ नाचायचं गाणं! कट्टर फंकवाले नाक मुरडतात. मी नाही मुरडत. मी दर सीझनला किमान दहा वेळा असली गाणी वाजवतो आणि त्या वेळी मांडवात म्हातारा-म्हातारी एकमेकांकडे कसे बघतात ते स्टेजवरून दिसतं.

प्रिन्सचं प्रकरण मात्र जरा थांबून सांगायला पाहिजे. प्रिन्स लहानपणापासून लॅरीचा भक्त. नव्वदच्या दशकात दोघांची नॅशव्हिलला गाठ पडली, रात्री उशिरा एकत्र वाजवलं, आणि प्रिन्सने त्याला आपल्याबरोबर दौऱ्यावर घेतलं, मग मिनेसोटात स्वतःच्या शेजारी राहायलाच बोलावलं. प्रिन्स म्हणजे कोण, ज्याच्या गाण्यांमुळे अमेरिकेत आईबापांनी कॅसेटवर सावधानतेचं लेबल लावायची मागणी केली तो. हा माणूस लॅरीला प्रश्न विचारायला लागला. बायबलमध्ये हे असं का, ते तसं का. दौऱ्यावर, बसमध्ये, पहाटे. काही वर्षं हे चाललं आणि २००१ मध्ये प्रिन्सने पण बाप्तिस्मा घेतला. मिनियापोलिसजवळच्या सभागृहात तो ब्रदर नेल्सन (नेल्सन हे त्याचं आडनाव) म्हणून जायचा. अश्लील गाणी स्टेजवरून बंद केली.

आणि २००३ मध्ये मिनेसोटात ईडन प्रेरी नावाच्या गावात एका ज्यू जोडप्याच्या दाराची बेल वाजली, उघडतात तर बाहेर प्रिन्स, आणि त्याच्या बरोबर लॅरी ग्रॅहम. हातात बायबल. यहोवाबद्दल बोलायला आलोय. बरं दिवस कुठला, तर ज्यूंचा सगळ्यात पवित्र सण, योम किप्पूर सुरू होत होता. त्यांनी सांगितलं की अहो तुम्ही ज्यू घरात आलाय, तरी हे दोघं पंचवीसएक मिनिटं बसून, आपलं सगळं सांगून, एक पत्रक ठेवून गेले. तिथल्या पेपरात ही बातमी आली होती. मी ती वाचली तेव्हा आधी खूप हसलो, आणि मग मला आमच्या दारातला तो तरुण मुलगा आठवला.

प्रिन्सचे बरेच चाहते लॅरीवर अजून खार खाऊन आहेत. आमच्या वेड्या, मोकळ्या माणसाला याने सोवळ्यात बसवलं असं त्यांचं म्हणणं. मला ते अगदीच खोटं वाटत नाही. पण प्रिन्स काय लहान बाळ होता का? चाळिशी ओलांडलेला, कंपन्यांशी भांडून स्वतःचं नाव सुद्धा बदलून घेतलेला माणूस, त्याला कुणी हाताला धरून कुठे नेऊ शकलं असतं असं मला वाटत नाही. त्याला खाली काहीतरी न हलणारं पाहिजे असावं. २१ एप्रिल २०१६ ला प्रिन्स स्वतःच्या घरात, लिफ्टमध्ये मेलेला सापडला. फेंटॅनिल नावाच्या वेदनाशामकाचा ओव्हरडोस. ५७ वर्षं. लॅरी तेव्हा सत्तरीला आला होता.

लॅरीचे आत्ताआत्ताचे प्रोग्रॅम बघितलेत का? डोक्यापासून पायापर्यंत पांढरं. पांढरा सूट, पांढरी टोपी, गळ्यात पांढरा बेस, आणि त्या बेसलाच एक वाकडी दांडी जोडून त्यावर माईक बसवलेला, म्हणजे गाण्यासाठी एका जागी उभं राहायला नको. आणि बँड विंगेतून येत नाही, हॉलच्या मागच्या दारातून, ढोल वाजवत, ओळीने, लोकांच्या मधून चालत येतो. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा तोंडातून निघालंच, "अरे ही तर दिंडी!" फक्त टाळ नाहीत.

हा व्हिडिओ मी अण्णांना दाखवला. तेव्हा अण्णांची बायपास होऊन दोन महिने झाले होते, पुण्यात माझ्याकडेच होते, पखवाज उचलायला बंदी. फोन लांब धरून बघत होते. पांढरे कपडे बघून विचारलं, "माळकरी आहे का हा?"

मी म्हटलं, तसंच काहीतरी. घरोघरी जाऊन देवाचं सांगतो.

"आणि हे वाजवतो?"

"हो. सोडलं नाही."

"कशाला सोडायचं?" असं म्हणाले, जसं काही मीच सोडायला सांगितलंय. आणि मग सावता माळ्यांचं सुरू झालं, मळा सोडून पंढरीला गेले नाहीत ते, जे मी पाचशे वेळा ऐकलंय.

मग मी त्यांना हेडफोन घातला आणि 'एव्हरीडे पीपल' लावलं. सांगितलं, वरचं सोडा, खालचं ऐका. डोळे मिटून ऐकलं त्यांनी. उजवा हात मांडीवर, बोटं हलतायत. गाणं संपलं तसा हेडफोन काढून म्हणाले, "हलला नाही." बास, एवढंच. माझ्या चौदा वर्षांच्या बेसला जेवढी दाद मिळाली नव्हती तेवढी त्या माणसाला दोन शब्दांत देऊन टाकली.

त्या आषाढी एकादशीला गावी गेलो. अण्णा वाजवणार नव्हते, त्यांच्या जागी जो मुलगा वाजवतो तो वारीतून परतायचा होता, मंडळात पखवाजच नाही. टाळ आहेत, पेटी आहे, आणि मधे सगळं पोकळ. अण्णा पायरीवर बसलेले, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझं ते आणलंयस का बरोबर?"

गाडीच्या डिकीत होतं. छोटा अँप्लिफायर पण होता. विणेकरीबुवांच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण अण्णांचा मान आहे, कोण काय बोलणार. एक्स्टेन्शन बोर्ड मिळवण्यातच दहा मिनिटं गेली. पेटीवाल्याने काळी चार दिली, म्हणजे लॅरीच्या सुरापेक्षा एक फ्रेट वर. अण्णा जवळ सरकले आणि कानात म्हणाले, "करामत करू नको. एक धर."

धरला. पहिला अभंग झाला, दुसरा झाला. अंगठ्याने हळू ठोकत होतो, टाळांच्या मधे मधे, आणि साधारण तिसऱ्या अभंगाला विणेकरीबुवांनी मान हलवली की मला तसं वाटलं ते माहीत नाही. मधे एकदा बोटं शिवशिवली, खरंच शिवशिवली, एक छोटी जागा घ्यावी असं फार वाटलं. घेतली नाही. कण्याच्या खाली घामाची धार लागली होती आणि तळहाताला तारेचा वास येत होता.

दीड वाजता आरती झाली. मी वायर गुंडाळत होतो तर एक आजोबा खाली वाकून अँप्लिफायर बघायला लागले, हात लावून बघितला, गरम झाला होता. मला वाटलं आता तारा विचारणार.

"चांगलाय आवाज," म्हणाले. "भाडं किती घेत्यात ह्याचं दिवसाला?"